दसरूचं कडं

सोमे, भांडण अर्ध्यात टाकून उठायची तुझी खोड जुनीच. पण या वेळी तू हद्द केलीस. मी म्हटलं, "आधी पेज पी, मग भांडू." तू दोन घोट घेतलेस, पदरानं तोंड पुसलंस आणि भिंतीकडे वळून डोळे मिटलेस. दिवस कलल्यावर मी हाक मारली, तर ओ नाही. मला वाटलं, रुसली. मी बडबडत चूल पेटवली, तांदूळ निवडले, आणि बराच वेळ तुझ्याशी एकटीच भांडत राहिले. मग तुझ्या गार पायाला हात लागला.

लोक आले. अर्ध्या गडचिरोलीची बाळंतपणं तू केलीस, म्हणून अर्धी गडचिरोली आली. जिनं तुझ्याकडून तीन लेकरं सोडवून घेतली आणि एकदाही तुला ओसरीच्या आत घेतलं नाही, तीही आली. "देवमाणूस होती हो सोमीबाई," म्हणाली. मेल्या म्हशीला मणभर दूध. मी तिला बसायला पाट दिला नाही. तुझ्यासाठी एवढंच करता आलं.

हे मी शाळेच्या मराठीत लिहिते आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस, "पुस्तकावानी काऊन बोलून राह्यली वो?" काय करू, लिहायला बसलं की हीच भाषा येते. आपल्या लहानपणीच्या शाळेनं ती दिली. त्याच भाषेवर मी जन्मभर पहिलीच्या पोरींना शिकवलं, भाकर खाल्ली, विधवा झाले तरी कोणापुढे हात पसरला नाही. तूही तिथंच दाईचं काम शिकलीस. मी हे म्हटलं की तू मान हलवायचीस. "देल्लं ते देल्लं. घेतलं ते सांग." आपलं सगळं भांडण या एका वाक्यात होतं.

ते संग्रहालय निघालं नसतं तर आपण तशाच मेलो असतो, भांडण उकरलं नसतं. चांद्याच्या अलीकडची आपली शाळा बंद पडून किती काळ लोटला. राणीच्या राज्यात, मोठ्या दुकाळात, गोऱ्या मडमनं गरिबांच्या लेकरांसाठी काढलेली. शिक्षण खात्याच्या नव्या साहेबांनी तिच्या दोन खोल्या झाडून घेतल्या, कौलं फिरवली आणि आत जुनं सामान मांडलं. आमच्या हेडमास्तरांनी सांगितलं, "बाई, तुमची शाळा पाहायला लोक जाऊन राहिले." मी तुला सांगितलं आणि तू हातातलं सूप खाली ठेवलंस. "लेकरायचे कडे असतीन का तिथी?" तुझा पहिला शब्द तोच होता.

पौषात आपण गेलो. वैनगंगा डोंग्यानं ओलांडली, पलीकडे मोटर मिळाली. मोटरीत तू बाहेरची सडक पाहत होतीस. मी मात्र बोलत होते, कारण मला भीती वाटली की बोलते. त्याच सडकेनं आपण पहिल्यांदा शाळेत आलो होतो, सरकारी बैलगाडीत, गावोगावची उरलेली लेकरं भरून. माझे मायबाप वाटेतच गेले होते, तुझे गावात. तुझ्या मांडीवर दसरू होता, तुझा भाऊ, नुकता चालायला लागलेला, आणि भुकेनं पोट एवढं फुगलेलं की चालता येत नव्हतं. तुझी गोंडी मला कळत नव्हती, माझी मराठी तुला. दसरू रडायला लागला की तू त्याला माझ्या पायाजवळ ठेवायचीस. माझ्या पायात बापानं घातलेला काशाचा वाळा होता. त्याचं एक घुंगरू चेपून मुकं झालं होतं. वाजणारी सगळी सोडून दसरू तेच मुकं घुंगरू मुठीत धरायचा, तोंडात घालायचा, आणि गप व्हायचा. आपली ओळख तिथनं झाली, वाळ्यावरनं.

संग्रहालयाच्या दारात साहेब स्वतः उभे होते. तरुण माणूस, नागपूरकडचा, बोलायला मऊ. आपण तिथंच शिकलो म्हटल्यावर त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी आपल्याला बाकावर बसवलं. त्या बाकावर तुझे गुडघे मावेनात. "आजी, एखादी कविता आठवते का तेव्हाची?" तू म्हणालीस, "मार आठवते." साहेब हसले. ते वाईट नव्हते, सोमे, मी तेव्हाही म्हटलं. त्यांना ठाऊक नव्हतं एवढंच.

भिंतीवर राणीची तसबीर होती, तीच, कोपऱ्याला वाळवी लागलेली. खाली पाट्या, टिनाच्या थाळ्या, घंटा. छडीसुद्धा होती, तेल लावून चकचकीत केलेली. पहिल्या दिवशी ज्यात आपल्याला खरवडून धुतलं ते दगडी टाकं होतं आणि त्यात आता कागदाची फुलं ठेवली होती. तू ते टाकं पाहून थांबलीस. तिथंच आपले केस कापले, तिथंच तुझी सोमीची सुमती झाली. आणि तिथंच मडमच्या बाईनं प्रत्येकाच्या अंगावरचं काढून घेतलं. गळ्यातले मणी कातरीनं कापले. दसरूचं पितळी कडं निघेना, तर हाताला साबण लावून ओढलं. तू चावायला धावलीस. तेव्हा मडम म्हणाली, घरी जाल तेव्हा मिळेल. ते वाक्य तुला मराठीत पाठ झालं, अर्थ कळायच्या आधी.

दसरू पहिल्या पावसात हगवणीनं गेला. अशी कितीतरी गेली. शाळेमागच्या पडीत, पडीक जमिनीत, नेऊन पुरली, वर खूण नाही, दगड नाही. तुमच्यात मेलेल्याच्या नावानं गावाबाहेर वाटेकडेला दगड उभा करतात आणि त्याच्या अंगची एखादी वस्तू तिथं ठेवतात, हे तू मला पुढं किती वर्षांनी सांगितलंस. तुझ्या गावी, कठाणी नदीच्या पलीकडे, तुझ्या मायबापाचे दगड उभे आहेत. शेजारी दसरूची जागा सोडलेली आहे. पण वस्तूच नाही, तर दगड कशावर उभा करणार? गावच्या भूमकानं, म्हणजे तुमचं देवाचं करणाऱ्यानं, तेव्हाच सांगितलं होतं की वस्तू आणल्याशिवाय पोराला ओळीत घेता येणार नाही. जन्मभर तुला एकच हवं होतं, ते कडं. दागिन्याची हौस तुला कधी नव्हती. भाऊ बाहेर उभा आहे, त्याला आत घ्यायचं, एवढंच.

कडी काचेच्या कपाटात होती. एका तारेत ओवलेली, पितळेची, लहान लहान, बाळांच्या मनगटाची. बाजूला मण्यांचा ढीग, दोन-चार वाळे, एक चांदीचा मुलामा दिलेली पेटी. खाली सुंदर अक्षरात लिहिलं होतं, 'वनवासी बालकांनी शाळेस प्रेमाने दिलेले अलंकार.' ते वाचून माझ्या अंगाची आग झाली. तू वाचत नव्हतीस, तू काचेला नाक लावून पाहत होतीस. "काशे, त्याच्यावर तीन रेघा होत्या," तू म्हणालीस. तीन रेघांची ती गोष्ट मी तुझ्या तोंडून हजार वेळा ऐकली होती. साहेबांनी कपाट उघडलं, तार तुझ्या हातात दिली. तू एक एक कडं फिरवून पाहिलंस.

सगळ्यांवर तीन रेघा होत्या. एकाच ओतणाऱ्यानं एकाच बाजारात विकलेली असणार, दुसरं काय. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात. तुझ्या हातात तार होती आणि तुला तुझा भाऊ ओळखू येत नव्हता. तू पुन्हा पहिल्यापासून फिरवायला लागलीस. मग पुन्हा. साहेब खाकरले. मी तुझ्या हातातून तार घेतली आणि परत दिली, कारण मला पाहवेना. तू रडली नाहीस. बाहेर येऊन पायरीवर बसलीस आणि पाणी मागितलंस.

साहेबांना मी चिठ्ठीबद्दल सुनावलं. "प्रेमानं दिलेले नाहीत हे. काढून घेतलेले आहेत." ते म्हणाले, "बघतो बाई. वर विचारून बदलू." मग दबक्या आवाजात त्यांनी विचारलं, "त्या आजी काय शोधत होत्या?" मी सांगितलं. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

डोंग्यात भांडण सुरू झालं. सुरुवात मीच केली, हे कबूल. मला वाटलं, मार्ग काढावा. "कोनतंही एक मागून घेऊ ना. साहेब देईन. कोनाले समजते?"

"मले समजते."

"अवो, सगळे सारखेच तर हायत."

"मंग दुसऱ्याचं पोट्टं माह्या मायच्या बाजूले येईन. अन् त्याची बहीन कुठी शोधीन त्याले?"

मी ते तिथंच सोडून वेगळंच काढलं. म्हटलं, मग राहू दे तिथंच. काचेत आहे तर लोक येऊन पाहतील, विचारतील, ही लेकरं कोण होती. जंगलात दगडाखाली घातलं की कोण विचारतो? तू माझ्याकडे असं पाहिलंस, जसं त्या टाक्याकडे पाहिलं होतंस. "पाहाले ठेवून राह्यली व्हय दसरूले?" डोंगेवाला वल्हं थांबवून आपल्याकडे बघायला लागला. काठाला उतरताना तू म्हणालीस, "सगळेच घेऊ. सगळ्यात तो असनच ना."

त्या 'सगळेच'वर आपण दीड महिना भांडलो. तुझा भाचा चैतू, चुलतभावाचा मुलगा, त्याला तू गावाहून बोलावून घेतलंस. त्यानं भूमकाला विचारलं आणि नकार घेऊन आला. तुमच्यात कुळं देवांच्या आकड्यावरून ओळखतात. बिचारा दाराबाहेर उकिडवा बसून सांगत होता. "आत्या, आपन सहा देवाचे. त्याच्यात सात देवाचे असतीन, चार देवाचे असतीन. गोंडच नाईत असेबी असतीन. त्यायले आपल्या ओळीत कसं घ्याचं? भूमक म्हन्ते, देव भांडतीन."

तू म्हणालीस, "भांडू दे. लेकरं भांडत नोव्हते. एकाच चादरीत झोपत होते." पण चैतूनं मान हलवली, आणि तुलाही ठाऊक होतं की तो काही करू शकत नाही. तेव्हा तू नवीन काढलंस. दगड गावी नको. शाळेच्या मागं, त्याच पडीत लावू. तिथं कोणाचीच ओळ नाही, म्हणजे सगळ्यांची. मी म्हटलं, जागा सरकारी आहे, कडी सरकारी आहेत, तुझं वय काय, तब्येत काय, दुष्काळात तेरावा महिना कशाला काढतेस. तू म्हणालीस, "तू भेतेस. तुले कोनी पुरलेलं नाई तिथी." हे लागलं, सोमे. तू लागावं म्हणूनच बोललीस. तिथली लेकरं माझीही नव्हती का? दसरू गेला तेव्हा मी रडले नव्हते का? पण मी ते म्हटलं नाही, कारण तुझा ताप चढायला लागला होता, आणि मग छातीत कफ भरला, आणि मग ती पेज.

आता एक सांगायचं राहिलेलं सांगते. त्या दिवशी कपाटात, तारेच्या बाजूला, माझा वाळा होता. मी पहिल्या नजरेत ओळखला. सांध्याला बापानं तांब्याची तार गुंडाळलेली होती, आणि ते एक घुंगरू चेपलेलं. तू कडी फिरवत होतीस, एक एक, पुन्हा पुन्हा, आणि माझी वस्तू समोर आयती पडली होती. मी कसं सांगणार होते तुला? तुझ्या तोंडासमोर म्हणू, माझी सापडली म्हणून? मी काचेकडे पाठ करून उभी राहिले. तुला वाटलं, मला कंटाळा आला. परतीच्या मोटरीत तू तसं म्हणालीसही. म्हटलं, समजू दे. आजही वाटतं, सांगितलं नाही ते बरंच केलं.

तुला चैतूनं बैलगाडीतून गावी नेलं. निघताना त्यानं दगडासाठी तुझी एखादी वस्तू मागितली. मी त्याला तू म्हणाली होतीस ते सांगितलं, की दगड शाळेमागं, त्या लेकरांजवळ लावायचा. तो गाडीचं जू धरून उभा राहिला. "बाई, आत्या आमची हाय का तुमची?" मी म्हटलं, "दोघायची." त्याला ते आवडलं नाही. मलाही त्याच्या जागी आवडलं नसतं. शेवटी तो म्हणाला, "माती आमच्याकडं राहू द्या. दगड एक गावातबी लावू, एक तिथीबी लावू. पन तिथी ठेवाले काय हाय? त्या लेकरायचं काई हाय का?"

म्हणून मी पुन्हा गेले, एकटी. डोंग्यात शेजारची जागा रिकामी होती आणि तिथं कोणाचं तरी बकरं बसलं. साहेबांना मी सगळं सांगितलं. मागच्या पडीत दगड लावायला त्यांनी लगेच हो म्हटलं, ती जागा कुणी विचारत नाही म्हणाले. पण कडी सगळी देता येणार नाहीत. सरकारजमा झालेली आहेत, त्यांची नोकरी जाईल. मी हात जोडले, रागावले, मडमचं ते वाक्यही ऐकवलं. त्यांचे डोळे खाली गेले. "एक देतो," ते म्हणाले. "माझ्या जबाबदारीवर. कोणतंही एक घ्या." आणि तार माझ्यापुढं सोडून ठेवली.

कोणतंही एक. डोंग्यात मी हेच म्हटलं होतं, सोमे. माझे शब्द मला परत मिळाले. मी एक उचललं, लहान होतं, तीन रेघांचं. मनात आलं, हे ज्याचं असेल त्याची बहीण कुठं शोधत असेल. खाली ठेवलं. दुसरं उचललं. तेही ठेवलं. तू जिंकलीस, बाई. सगळेच घ्यायचे, नाही तर एकही नाही. मधलं काही नाही. मला हे तू जिवंत असताना कळायला हवं होतं, पण मी शाळेत शिकलेली, मला मधलं फार सुचतं.

मग मी वाळा उचलला. साहेब म्हणाले, "हा? हा तर वेगळाच आहे." मी म्हटलं, "हा माझा आहे." त्यांनी कपाट बंद केलं. मी निघाले तेव्हा कपाटाखालची चिठ्ठी तशीच होती.

परवा दगड उभा केला. चैतू आणि गावचे तिघे आले होते, गाडीत दगड घालून. भूमक आला नाही. पळस फुललेला होता आणि पडीत गुरं चरत होती. खड्डा खणताना हाडं लागतील म्हणून मी दुसरीकडे पाहत होते, पण काही लागलं नाही. चैतूनं हात पुढं केला. मी वाळा दिला. त्यानं तो उलटसुलट पाहिला.

"हे कोनाचं?"

"माहं."

"जित्या मानसाचं ठेवत नाईत, बाई. ठेवलं त मंग यावं लागते."

"ठेव. मले दुसरं कुठी जाचं हाय?"

तो तरी थांबून राहिला. तेव्हा मी त्याला गाडीची गोष्ट सांगितली, दुकाळातली. तुझ्या मांडीवरचा दसरू, माझा पाय, आणि तो मुठीत काय धरायचा ते. त्यानं ऐकून घेतलं. मग वाळा खाली ठेवला, गोंडीत काहीतरी बोलला, त्यातलं दसरू एवढंच मला कळलं, आणि आणखी एक शब्द, जो तू त्याला गप करायला म्हणायचीस. मला अजून त्याचा अर्थ ठाऊक नाही. तुला विचारायचा राहिला.

तर सोमे, सगळे नाही आणता आले. भांडण तुझंच खरं होतं, ते मी मान्य करते, यापुढं काढू नकोस. दसरूचं कडं तारेतच आहे, कुठलं ते कोणालाच ठाऊक नाही. पण त्याच्या ओळखीची एक वस्तू तिथं खाली आहे. चैतूनं माती लोटली तेव्हा वाळ्याची बाकीची घुंगरं थोडी वाजली, आणि ते एक वाजलं नाही. त्याला तेच हवं असायचं.